वळचणीचे पंधरा इंच : राजापूर तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

भाऊबीज आटोपून काल रात्रीच्या गाडीने निघाले, सकाळी दहाला घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोचले. पाऊस जाऊन महिना उलटला तरी पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओली आहे. सिमेंटच्या गिलाव्यावर बोटाने टकटक केलं की आत पोकळ वाजतं. पडवीच्या कोपऱ्यात बोट शिरेल एवढी भेग पडली आहे. गणपतीत आले होते तेव्हा ती केसाएवढी होती.

घर आत्याच्या आजोबांनी बांधलेलं, आणि आत्या आता एक्याऐंशीची आहे. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, पुढे ओटी, दोन बाजूंना पडवी, वर माळा. जोतं जांभ्या चिऱ्यांचं, भिंती मातीच्या आणि दीड फूट जाड, वर मंगलोरी कौलं. पुढच्या दाराची चौकट पाच फूट दोन इंच. आमच्या घरातला प्रत्येक उंच माणूस तिला एकदा तरी कपाळ आपटून शिकलेला आहे. दाराला आतून अडसर आहे: भिंतीतच चार फूट खोल पोकळी ठेवलेली आणि तिच्यात सरकणारं फणसाचं चौकोनी लाकूड. ओढलं की घसरत बाहेर येतं आणि समोरच्या भोकात जाऊन बसतं. आज ओढून पाहिलं. इतकी वर्षं झाली, तरी कुठेही अडलं नाही.

दुपारी तालुक्याच्या गावाहून एक कंत्राटदार येऊन गेला. दहा मिनिटं फिरला आणि म्हणाला, "ताई, पाडून टाका. दोन खोल्यांचा स्लॅब घालून देतो, चार महिन्यांत." भिंतीला त्याने हातसुद्धा लावला नाही. त्याला चहा दिला आणि निरोप दिला.

ठरवलं आहे ते एवढंच: मृग लागायच्या आत पश्चिमेची भिंत आणि पश्चिमेचं पाखं, म्हणजे छपराचा त्या बाजूचा उतार. बाकीचं पुढच्या वर्षी.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस नुसती मापं घेतली. आज एक गोष्ट सापडली, ती सविस्तर लिहून ठेवते, कारण सगळं काम आता तिच्यावरून ठरणार आहे.

पश्चिमेच्या बाजूला जोत्याला लागून माती साठली होती, त्यावर झावळ्या आणि पातेरा. भिंत खालपर्यंत बघावी म्हणून फावड्याने ते सारलं. सहा-सात इंच खाली चिऱ्यांची फरसबंदीसारखी पट्टी निघाली आणि त्या चिऱ्यांवर खळग्यांची सरळ ओळ. एकेक खळगी सुपारीएवढी, काही लिंबाएवढ्या, दोन खळग्यांत साधारण एका कौलाचं अंतर. वरून पडणाऱ्या पागोळ्यांनी कोरलेल्या. जांभा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की हत्याराने विटेसारखा कापता येतो, हवेवर राहून राहून तो कडक होतो. फ्रान्सिस बुकनन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' असं नाव दिलं. पण कितीही कडक झाला तरी एकाच जागी वर्षानुवर्षं थेंब पडला की जांभा जागा करून देतो.

टेप लावला. भिंतीपासून खळग्यांची ओळ ३८ इंचांवर. मग कौलांच्या कडेवरून ओळंबा सोडला. तो पडला भिंतीपासून २३ इंचांवर.

म्हणजे वळचण, भिंतीबाहेर येणारी छपराची कड, कधीतरी पंधरा इंच आत आली आहे.

आत्याला विचारलं. ती अंगणात पेंढ्याची वेठ, म्हणजे दोरी, वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वाशांची टोकं कुजली होती ना, त्र्याण्णव साली. नवे वासे घालायला पैसे कुठे होते? तुझ्या बाबांनी टोकंच कापून घेतली. घर नीटस दिसायला लागलं होतं तेव्हा." थोडं थांबून म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या पावसात भिंतीला ओल आली."

वासे कापले, म्हणून पागोळ्या भिंतीच्या जवळ पडू लागल्या. त्यांचे शिंतोडे भिंतीवर, वर कोकणातला तीन मीटरहून जास्त पाऊस, तोही नैर्ऋत्येकडून म्हणजे नेमका याच भिंतीवर चालून येणारा. भिंत ओली राहू लागली म्हणून २००६ मध्ये तिला सिमेंटचा गिलावा केला. तोवर चिऱ्यांच्या पट्टीवर माती साचत गेली आणि दोन फुटांचं जोतं जेमतेम दीड फूट राहिलं. प्रत्येक पायरी चांगल्याच हेतूने टाकलेली. बाबांवर राग येत नाही. ते त्या वर्षी काय करू शकत होते ते केलं.

२६ नोव्हेंबर

फोनाफोनीचा दिवस. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजोबांचं नाव आहे, आणि खाली आम्ही सहा हिस्सेदार. चौघांनी 'कर बाई' म्हटलं, दोघांनी पैसेही पाठवले. चुलतभाऊ मात्र स्पष्ट बोलला: "आवडतं मलाही. पण दर वर्षी कौलं परतायची, वाळवी बघायची, सारवायचं, हे करणार कोण? आत्या आहे तोवर ठीक." त्याचं म्हणणं खोटं नाही. मातीचं घर म्हणजे वर्षभराचं नातं, पैसे भरून विसरण्यातलं ते नव्हे. मी त्याला म्हटलं, हे एक पाखं पुरं होऊ दे, एक पावसाळा जाऊ दे, मग बोलू. तो तयार झाला. या नोंदी त्या सहाही घरांसाठी आहेत.

९ डिसेंबर

सिमेंट काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी धडकी भरली.

गवंडी शेजारच्या वाडीतले, साठीच्या पुढचे. मातीच्या भिंतींचं काम त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली केलेलं, पुढे चिऱ्या-सिमेंटचंच. घण वापरायचा नाही, छिन्नी आडवी धरून गिलावा उचकटायचा, असं त्यांनीच सांगितलं. वरचा गिलावा पापडासारखा सुटून आला. मागे वाळवीचे मार्ग, झाडाच्या मुळांसारखे पसरलेले. भिंत वरच्या अंगाला कोरडी आणि टणक. खाली येत गेलो तसा मातीचा रंग गडद होत गेला. जोत्याच्या वर हातभर अंतरावर छिन्नी लागली ती माती लोण्यासारखी.

अकराच्या सुमाराला कोपऱ्याजवळचा तुकडा बसला. कोसळला नाही, बसला. आवाज फार मोठा नव्हता, पोतं टेकवावं तसा. सुमारे चार फूट लांब आणि दोन फूट उंच एवढी माती पायाशी येऊन पडली आणि वरची भिंत तिच्या जागी अधांतरी. गवंडीकाका एकच शब्द बोलले, "टेकू." माळ्यावर सुपारीचे जुने सोट होते, ते खाली काढले. भिंतीवरच्या आडव्या पाटाखाली तीन टेकू, वाशांखाली दोन, खाली फळ्या आणि पाचरी. तासाभरात वरचा भार भिंतीवरून काढून टेकूंवर घेतला. मग सगळे ओटीवर बसलो. कोणी बोलत नव्हतं. आत्याने प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

संध्याकाळी ढासळलेल्या मातीचा गोळा हातात घेऊन पिळला. पाणी निघालं. डिसेंबर महिना, पाऊस जाऊन दोन महिने.

मातीची भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढतेच. उघडी किंवा मातीचुन्याने लिंपलेली असली तर ते पाणी दोन्ही अंगांनी वाऱ्यावर उडून जातं. बाहेरून सिमेंटचं कवच चढवलं की आत आलेलं पाणी आतच कोंडतं, आणि कवचाला केसाएवढी चीर पडली की तिथून पावसाचं आणखी आत जातं. सतरा वर्षं ही भिंत पाणी कोंडून उभी होती. आज बसली नसती तर येत्या जुलैत बसली असती, आणि तेव्हा खाली टेकू नसता.

११ डिसेंबर

सिमेंट उतरल्यावर भिंतीचे थर दिसू लागले. फूट-सव्वा फुटाचा एकेक थर, मधे बारीक आडवी रेघ. खालचा थर सुकल्याशिवाय वरचा घालायचा नाही, ही त्या कामाची शिस्त होती. म्हणजे ही भिंत एका उन्हाळ्यात, आठवड्याला एक थर अशा बेताने वर गेली असणार.

दिव्याच्या तिरप्या उजेडात आणखी एक दिसलं. मूळ गिलाव्याखालच्या मातीवर चार-चार बोटांचे तिरके ओरखडे आहेत, उजवीकडून डावीकडे खाली, पुन्हा तसेच, पुन्हा तसेच, भिंतभर. गिलाव्याला पकड मिळावी म्हणून ओल्या मातीवर ओढलेले. मी त्यात बोटं ठेवून पाहिली. काही ओरखडे माझ्या बोटांना रुंद आहेत. देवघराच्या मागच्या बाजूचे मात्र अरुंद आहेत आणि खांद्याच्या उंचीच्या वर एकही नाही. करंगळीचा ओरखडा सगळीकडे तुटक. आत्या आली, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बायकांनीच लिंपलेलं असतं. पुरुष थर घालायचे."

हा भाग आहे तसा ठेवायचा होता. पण तो उघडा राहिला तर पावसाळ्याच्या दमट हवेत झिजणार. फोटो घेतले, आरपार कागद लावून एका वावाचा ठसा पेन्सिलीने उतरवला. त्यावर पुन्हा लिंपायचं.

३ जानेवारी २०२४

चुनकळी भिजवली. जुन्या हौदात आधी पाणी, मग एकेक ढेकूळ. चुनखडी किंवा शिंपले ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि उरते ती ही चुनकळी. पाण्यात पडली की ती फुटते, फुलते, पाणी खदखदतं. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, आणि मुलांना हौदापासून लांब ठेवलं. जेवढा मुरेल तेवढा मऊ लागतो म्हणतात, म्हणून एप्रिलपर्यंत वर दोन बोटं पाणी ठेवून झाकून ठेवणार.

१४ जानेवारी

सुतार मेस्त्री आले. पश्चिमेच्या पाखावरची सगळी कौलं कालच उतरवून खळ्यात रचली होती, त्यामुळे सांगाडा उघडा होता. मेस्त्री प्रत्येक वाशावर टोच्याने टोचत, कान लावत फिरले. अठरा वाशांपैकी अकरा बदलायचे. सात हाडाचे आहेत, ते फक्त टोकाला तोकडे. त्यांना बगलेने पाच फुटांचा जोड देऊन वळचण बाहेर काढायची.

स्वयंपाकघरावरचे चारही वासे शाबूत निघाले, आढ्याचा तो भागही. काळे कुळकुळीत, हात लावला तर काजळीचा चकचकीत थर. मेस्त्री म्हणाले, "ताई, याला धूर पाजलाय. याला भुंगा शिवत नाही." चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जाताना लाकडावर बसत गेला. आम्ही लहानपणी त्या काळ्या छताला नावं ठेवायचो. पंधरा वर्षांपूर्वी चूल बंद झाली. ओटीवरच्या रंग दिलेल्या वाशांना मात्र भुंग्याची भोकं आहेत. म्हणून आत्याने आजपासून आंघोळीचं पाणी पुन्हा चुलीवर तापवायचं ठरवलं आहे.

नव्या लाकडासाठी झाड तोडायचं नव्हतं. आठ मैलांवर एक घर पाडत होते, तिथून वासे घेतले, साग आणि ऐनाचे. घरमालकाचा मुलगा तिथेच उभा होता. मी पैसे दिल्यावर म्हणाला, "हे कुठल्या दिशेला लावणार?" सांगितलं. त्याने एक वासा दाखवला आणि म्हणाला, "हा आमच्या ओटीवरचा. झोपाळ्याची कडी याला होती." कडीची खूण आहे. तो वासा मेस्त्रींना सांगून दर्शनी भागात घेतला आहे, भोक न बुजवता.

२८ जानेवारी

कौलं धुणं. सहाशेच्या वर कौलं, माणसं तिघं, आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौलं लागतात, त्या हिशेबाने वाढीव वळचणीसाठी आणखी सत्तर लागणार होती. ती जुनीच मिळाली, बारा रुपयांना एक.

शेवाळ निघाल्यावर पाठीवरचे शिक्के वाचता येऊ लागले. काहींवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचं नाव, काहींवर मंगळूरच्या इतर कारखान्यांची नावं, हत्ती, पक्षी, हृदय अशी चित्रं. मदतीला आलेला मुलगा ओरडला, "ताई, हे अठराशे पासष्टचं!" शिक्क्यात १८६५ आहे खरं. पण ते कारखाना सुरू झाल्याचं साल. बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पूत १८६५ मध्ये पहिला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कौलांवर ते साल छापत राहिले. आमचं कौल त्यापेक्षा बरंच अलीकडचं असणार. मुलगा जरा हिरमुसला. मग मी त्याला कौलाच्या पोटाखालचा दात दाखवला, तो रिपेला कसा अडकतो ते, आणि दोन कडांच्या खोबणी एकमेकींत कशा बसतात ते. खिळा नाही, गारा नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमची चाळीसेक कौलं उडाली, पण घराचं छप्पर उचललं गेलं नाही. वारा फटींतून निघून गेला. शेजारचा पत्रा आमच्या माडावर येऊन अडकला होता.

जुने नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, कोणाकडे असतील तर फेकू नका. देवघरावर अजून दोन ओळी नळ्यांच्या आहेत आणि त्यातले सहा फुटके आहेत.

११ फेब्रुवारी

पाखं झाकून झालं. नव्या रिपा, नवी वळचण. ओळंबा ३८ इंचांवर आणायचा होता, तो सगळीकडे अर्ध्या इंचाच्या फरकाने आला, फक्त उत्तरेच्या कोनवाशाजवळ, म्हणजे कोपऱ्यातल्या वाशाजवळ, नाही. तिथला वासा थोडा वाकडा आहे. चालेल.

आता माती. घरामागची तांबडी, जुन्या भिंतीची ढासळलेली, आणि वारुळाची, अशा तीन मातींचे नमुने घेतले. काचेच्या बरणीत माती, दुप्पट पाणी, मीठ चिमूटभर, खळखळून हलवून रात्रभर ठेवलं. खाली वाळू बसते, त्यावर रेव्यासारखा बारीक थर, सगळ्यांत वर चिकणमाती. वारुळाची नुसतीच चिकट, सुकली की तडकणार. तांबडीत वाळू जास्त. जुन्या भिंतीची माती दोघींच्या मधे. ज्यांनी भिंत बांधली त्यांनी बरणी वापरली नव्हती, पण मिश्रण बरोबर होतं. म्हणून जुनी माती निम्मी, बाकी निम्म्यात दोन वाटे तांबडी आणि एक वाटा वारुळाची. तळहाताएवढे ठोकळे करून सावलीत वाळवले. यातला ठोकळा तडकला नाही.

भाताचा पेंढा बोटभर लांबीचा कापून, शेण घालून, पायाने तुडवून माती खड्ड्यात भिजत टाकली. दहा दिवस. रोज एकदा पाणी, रोज एकदा तुडवणं.

२५ फेब्रुवारी

खड्ड्याचा वास शेजारच्या वाडीपर्यंत गेला असणार. पेंढा मऊ पडून मातीला धागे सुटले आहेत, मुठीत घेतली की ओघळत नाही.

बसलेला कोपरा गेल्या दोन आठवड्यांत थराथराने भरून काढला: मातीचे गोळे दाबून, ठोकून, प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबून. चौथा थर जुन्या भिंतीच्या खालच्या कडेला भिडला तेव्हा मधल्या फटीत कोरडसर माती पाचरीसारखी ठोकून बसवली. टेकू अजून काढलेले नाहीत.

आज लिंपायला वाडीतल्या पाच जणी आल्या. भिंतीवर आधी पाणी शिंपडलं, मग मातीचा पातळ हात, मग जाड. पहिला हात झाल्यावर एका काकूंनी कोणी काही सांगायच्या आधीच हाताची चार बोटं पसरली आणि ओल्या मातीवर तिरकी ओढली. उजवीकडून डावीकडे खाली. मी विचारलं, हे कुठे शिकलात? "आईकडे," एवढंच म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. माझे ओरखडे खोल जात होते. त्यांनी माझं मनगट धरून जोर किती लावायचा ते दाखवलं. संध्याकाळी आम्हा सहा जणींचे ओरखडे भिंतभर दिसत होते आणि ज्याच्या-त्याच्या हाताचे वेगळे ओळखू येत होते. परवा त्यावर दुसरा हात बसेल आणि ते झाकले जातील.

२३ मार्च

शिमगा. गडी सगळे पालखीच्या मागे, काम बंद. भिंत सावकाश सुकते आहे, तिलाही हेच हवं होतं. टेकू काल काढले. भिंतीने भार घेतला, रात्रभर झोप लागली नाही, सकाळी भेगेवर चिकटवलेली कागदाची पट्टी फाटलेली नव्हती.

१४ एप्रिल

मुरलेला चुना काढला. लोण्यासारखा झाला आहे. ताकाएवढा पातळ करून, गाळून, भिंतीवर तीन हात द्यायचे होते. पहिला हात दुपारी दिला ही माझी चूक, गवंडीकाका नको म्हणत होते. पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर आलं, चुना अर्ध्या तासात कोरडा पडला आणि हात फिरवला तर पांढरी भुकटी. चुन्याला सुकायची घाई चालत नाही. ओलसर राहून तो हवेतला कर्बवायू परत घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो, त्याला दिवस लागतात. सगळं घासून काढलं. आता पहाटे साडेपाचला सुरुवात, भिंत आधी भिजवायची, वर ओली गोणपाटं टांगायची.

थर्मामीटर आणला होता. दुपारी अडीचचे आकडे: खळ्यात सावलीला ३५, ओटीवर ३२, माजघरात साडेएकोणतीस. शेजारी स्लॅबची खोली आहे, त्यांच्या परवानगीने तिथेही ठेवला: ३६. चुलतभावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मे महिन्यात मुलांना घेऊन आठ दिवस येतो."

१९ मे

तो आला, आणि मुलं माजघरातल्या गारव्यात दुपारभर पडून असतात. खळं नव्याने चोपलं. चोपण्याचा आवाज सकाळभर घुमत होता, मुलांनीही हात धुवून घेतले. आतली जमीन आत्याने स्वतः सारवली, कोणाला हात लावू दिला नाही. अर्धवर्तुळं एकात एक, खांद्याच्या एका फिरण्याएवढी.

पश्चिमेच्या बाजूची साठलेली माती आता पूर्ण काढली आहे. जोतं पुन्हा दोन फूट दिसतं. चिऱ्यांची पट्टी झाडून धुतली, उताराला दगडी पन्हळ मोकळी केली. झडीसाठी झाप विणून तयार आहेत, पडवीला बांधायचे.

विजेच्या तारा भिंतीत न पुरता लाकडी पट्टीवरून नेल्या. न्हाणीघर मात्र नवंच केलं आहे, पण ते घराला न चिकटवता चार पावलं दूर, चिऱ्यात. त्याचं पाणी घराच्या भिंतीपर्यंत पोचता कामा नये. चुलतभावाने त्याचा निम्मा खर्च उचलला.

९ जून २०२४, रविवार

काल रात्री पाऊस लागला. विजा आधी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, मग अंगावर आल्यासारखा एकदम. दिवे गेले. पहिली दहा मिनिटं मी बॅटरी घेऊन माळ्यावर कौलांखाली फिरले. दोन ठिकाणी ठिबक होता, कौल आतून सरकवल्यावर थांबला.

पहाटे छत्री घेऊन पश्चिमेला गेले. आत्या माझ्या आधीच पडवीत झापाच्या फटीतून बघत उभी होती. भिंतीचा चुना वरून खाली कोरडा. जोत्याच्या वरच्या चिऱ्यापर्यंत तुरळक शिंतोडे आहेत, मातीपर्यंत एकही नाही. आणि वळचणीवरून सगळ्या पागोळ्या एका रेषेत, कौलागणिक एक, खाली चिऱ्यावर. खळग्या पाण्याने भरलेल्या, प्रत्येक थेंबाला पाणी उडून पुन्हा आत बसत होतं. मी मोजायला लागले. एकवीस खळग्यांवर थेंब नेमका पडतो. उत्तरेच्या कोपऱ्याजवळ तीन थेंब खळगी सोडून चार बोटं बाहेर, कोऱ्या चिऱ्यावर पडतात, तो वाकडा कोनवासा आहे तिथे. मेस्त्रींना गणपतीनंतर बोलवायचं म्हटलं, तर आत्या म्हणाली, "असू दे की. तिथे नव्या पडतील."